पदक पोरींचं, भांडण पंचांचं : महिला फिगर स्केटिंगमधले वादग्रस्त निकाल

रंकाळ्याची

सोची ऑलिंपिकमधल्या महिला फिगर स्केटिंगचा निकाल २० फेब्रुवारी २०१४ ला लागला आणि त्यावरची वादावादी अजून थांबलेली नाही. आमच्या घरातही नाही. माझी जाऊ दक्षिण कोरियाच्या युना किमची कट्टर चाहती. सोनं जिंकलेल्या रशियाच्या आदेलिना सोत्निकोवाचं नुसतं नाव काढलं तरी तिचा आवाज चढतो. परवा जेवताना म्हणाली, "त्या पोरीनं पदक परत करायला पाहिजे होतं." तेव्हापासून हा धागा काढायचं डोक्यात आहे.

का परत करायचं? सतरा वर्षांची मुलगी घरच्या प्रेक्षकांसमोर उतरली. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या लांब फेरीत, सात ट्रिपल (तीन गिरक्यांच्या) उड्या मारल्या, एका कॉम्बिनेशनच्या (जोडून मारलेल्या उड्यांच्या) शेवटी दोन्ही पाय टेकले, बाकी सगळं तडीस नेलं. गुण काही तिने स्वतःला दिले नाहीत. एकूण गुण सोत्निकोवा २२४.५९, युना किम २१९.११, तिसरी इटलीची कॅरोलिना कोस्टनर २१६.७३. शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे पहिली छोटी फेरी, संपली तेव्हा युना ७४.९२ वर होती आणि सोत्निकोवा ७४.६४ वर. म्हणजे जे काही झालं ते फ्री स्केटच्या रात्री झालं.

आता त्या रात्री पंचांच्या खुर्च्यांवर कोण होतं ते बघा. रशियाच्या आल्ला शेखोव्त्सेवा. त्यांचे पती वालेंतिन पिसेयेव हे रशियन स्केटिंग महासंघाचे वर्षानुवर्षांचे कारभारी. निकालानंतर थोड्याच वेळात या बाई सोत्निकोवाला मिठी मारताना दिसल्या. दुसरे युक्रेनचे युरी बाल्कोव, ज्यांच्यावर १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमधल्या आइस डान्सच्या प्रकरणात वर्षभराची बंदी आली होती. उडी पूर्ण फिरली की नाही हे ठरवणाऱ्या तांत्रिक पॅनलचे कंट्रोलर रशियाचेच अलेक्झांडर लाकेर्निक. आणि हे सगळं नियमात बसत होतं! कोरियाने तक्रार केली, ती आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने (आयएसयू) जून २०१४ मध्ये फेटाळली.

माझा संताप इथे आहे. या खेळात निकाल वादात सापडला की लोक जिंकलेल्या मुलीवर तुटून पडतात. युनासाठी लाखो सह्या गोळा झाल्या, ते ठीकच. पण सोत्निकोवाच्या फोटोखाली लोकांनी जे काही लिहिलं ते वाचवत नाही. पंचांना नेमणारी माणसं मात्र आपापल्या खुर्चीत सुखरूप.

हे काही सोचीपासून सुरू झालेलं नाही. १९९४ ला लिलेहॅमरमध्ये युक्रेनच्या ओक्साना बाइउलने अमेरिकेच्या नॅन्सी केरिगनला हरवलं ते पाच पंच विरुद्ध चार पंच, एवढ्याच फरकाने. ओक्सानाच्या बाजूने पोलंड, चेक, युक्रेन, चीन आणि जर्मनी. नॅन्सीच्या बाजूने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपान. जर्मनीचे पंच यान हॉफमन पूर्वीच्या पूर्व जर्मनीतले. त्यांच्या कागदावर दोघींची बेरीज सारखी आली होती आणि कलात्मक गुण जास्त म्हणून ओक्साना वर गेली. एका माणसाच्या एका आकड्यावर सोनं फिरलं. नकाशा समोर ठेवून ही नावं वाचा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल : जुने कम्युनिस्ट देश एकीकडे, अमेरिका आणि तिचे मित्र दुसरीकडे.

ओक्साना तेव्हा सोळा वर्षांची होती. आई वारलेली. आदल्या दिवशी सरावात दुसऱ्या स्केटरशी टक्कर होऊन नडगीला टाके पडलेले. आणि तिच्याबद्दल चर्चा कसली, तर पदक समारंभाला उशीर झाला तो ती मेकअप करत बसली म्हणून! खरं तर आयोजकांना युक्रेनच्या राष्ट्रगीताची टेप सापडत नव्हती.

इथे हा खेळ बघणारे आणखी कोण आहेत? तुमचं मत सविस्तर लिहा.

साडेतीन पेठ

मी बघतो, आणि तुमच्या जाऊबाईंच्या बाजूने आहे. पदक परत करावं असं म्हणणार नाही, पण युनाचं सोनं हिरावलं गेलं हे शंभर टक्के खरं.

२०१० ला व्हँकुव्हरमध्ये तिने २२८.५६ गुण केले होते. दुसऱ्या आलेल्या माओ असादापेक्षा तेवीस गुण जास्त. त्या निकालावरही जपानमध्ये नाराजी होती, कारण माओने त्या स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सेल (साडेतीन गिरक्यांची अवघड उडी) उतरवले, शॉर्टमध्ये एक आणि फ्रीमध्ये दोन. पण युनाचं ते फ्री स्केट बघून कुणी छातीवर हात ठेवून सांगावं की ती दुसरी होती. चार वर्षांनी सोचीला ती शेवटची उतरली, एकही चूक केली नाही, आणि जिने दोन पाय टेकले तिला पाच गुण जास्त. सोत्निकोवाला कलेचे जे गुण मिळाले ते महिन्याभरापूर्वीच्या युरोपियन स्पर्धेत मिळाले नव्हते. चार-पाच आठवड्यांत कला इतकी वाढते का? रशियात स्पर्धा होती म्हणून वाढली.

राजारामपुरी सातवी गल्ली

वाद घालायच्या आधी कागद बघू. आयएसयू प्रत्येक स्पर्धेचा प्रोटोकॉल प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक उडीचा, प्रत्येक गिरकीचा हिशोब असतो.

सोचीच्या फ्री स्केटमध्ये कलेचे गुण युनाला ७४.५०, सोत्निकोवाला ७४.४१. म्हणजे जवळपास सारखे, किंचित युनाच वर. फरक पडला तो तांत्रिक गुणांत. सोत्निकोवा ७५.५४, युना ६९.६९. युनाच्या ट्रिपल उड्या सहा, हिच्या सात. ज्याचं ताट जड त्याला जास्त गुण, अशीच ही पद्धत बांधलेली आहे.

पद्धत थोडक्यात सांगतो, कारण पुढची चर्चा त्यावरच होणार. प्रत्येक उडीला ठरलेली मूळ किंमत असते. २०१८ च्या तक्त्यात ट्रिपल लुट्झ ५.९०, ट्रिपल ॲक्सेल ८.००, चार गिरक्यांचा लुट्झ ११.५०. त्यावर नऊ पंच उडीची सफाई बघून अधिक-उणे करतात. सोचीच्या वेळी उणे तीन ते अधिक तीन होतं, २०१८ पासून उणे पाच ते अधिक पाच झालं. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा टाकून उरलेल्यांची सरासरी घेतात.

त्यामुळे माझी शंका वेगळ्या जागी आहे. मूळ किमतीत सोत्निकोवा पुढे होती हे मान्य. पण सफाईचे जादा गुण आणि कलेचे गुण हे माणसाच्या नजरेवर असतात. तिथे पाच-सहा पंचांनी थोडं थोडं सढळ हाताने दिलं तरी एकही आकडा डोळ्यात खुपत नाही आणि बेरीज मात्र फिरते. शिवाय तेव्हा पंच निनावी होते. कुठला रकाना कुणाचा हे कळायची सोयच नव्हती. सोचीत काय झालं हे सिद्ध करता येत नाही ते यामुळेच, आणि चुकीचा आरोप झाला असेल तर तो खोडताही येत नाही. पंचांची नावं आणि त्यांचे गुण समोरासमोर छापायचा निर्णय २०१६ ला झाला.

लाल माती

खेळ आमचा न्हाई, पण पंचाचा विषय निघालाय म्हणून लिवतोय.

आमच्याकडं खासबागेत निकाली कुस्ती लागती तवा पाठ मातीला टेकली की विषय संपला. चितपट कोण झालं ते वरच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला बी दिसतंय. मॅटवर आल्यावर गुण आले, पण तिथंबी कोचला चॅलेंज करता येतंय. व्हिडिओ बघायला लावायचा, आपलं चुकलं तर गुण समोरच्याला. मग ह्या स्केटिंगमधी चॅलेंज हाय का न्हाई?

आणि पंचाकडं आपली बाजू मांडणारा माणूस नसला की काय हुतंय हे कोल्हापूरनं बघितलंय. खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी. राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून त्यांना धाडलं हुतं. जपानच्या इशीबरोबर लांबलेली कुस्ती संपती न संपती तोवर सोव्हिएत रशियाच्या ममेदबेकोवबरोबर उतरायला सांगितलं. दोन कुस्त्यांच्या मधी अर्ध्या तासाची विश्रांती नियमात हुती. पण तो नियम दाखवायला आपला एकबी अधिकारी तिथं हजर नव्हता. दमल्या अंगानं उतरले, हरले, ब्राँझ घिऊन आले. इशीला सोनं, ममेदबेकोवला चांदी.

म्हणून सांगतो, ताईंचा मुद्दा खरा हाय. अंगात ताकद कुणाच्या किती हे नंतर, टेबलावर कोण बसलंय हे आधी.

राजारामपुरी सातवी गल्ली

@लाल माती, नाही. चॅलेंज नाही. पंचांच्या किंवा तांत्रिक पॅनलच्या मूल्यमापनावर हरकत घेताच येत नाही. बेरजेत चूक असेल तरच दाद मागता येते. उडी पाव गिरकी कमी पडली असं पॅनलने ठरवलं आणि घरी टीव्हीवर लाखो लोकांना ती पूर्ण दिसली, तरी तो निर्णय अंतिम. पॅनल स्वतः शंकेची उडी संथ गतीने परत बघतं, पण खेळाडूच्या प्रशिक्षकाला "ते पुन्हा बघा" म्हणायचा हक्क नाही.

खाशाबांचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

चाकांची आई

माझी मुलगी रोलर स्केटिंग करते, आर्टिस्टिक प्रकारात. बर्फ नाही, फरशीवर चाकं, पण लुट्झ, फ्लिप, ॲक्सेल ही नावं तीच आणि गुणांची डोकेदुखीही तीच. त्यामुळे "पाव गिरकी कमी" आणि "चुकीची कड" या दोन गोष्टी जवळून बघितल्यात.

लुट्झ ही कसोटीची उडी का, ते सांगते. बहुतेक मुली डावीकडे फिरतात. त्या मागे सरकत येतात तेव्हा सगळा भार डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर असतो. शरीर एका बाजूच्या वळणावर चाललेलं, आणि उडी घ्यायची त्याच्या उलट दिशेने. उजव्या पायाचं टोक मागे रुतवायचा क्षण आला की शरीराला सोपी वाट हवी असते. डावा घोटा हळूच आत कलंडतो, भार आतल्या कडेवर येतो, आणि लुट्झ म्हणून सुरू झालेली उडी फ्लिप होऊन जाते. फ्लिपची किंमत कमी. हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतं. मी रिंकच्या कठड्यावर वाकून, मोबाइलवर संथ करून, पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघते. तरी कधीकधी सांगता येत नाही घोटा उडीच्या आधी कलंडला की उडीबरोबर. कॅमेरा कोणत्या बाजूला आहे यावरही दिसणं बदलतं.

आता हाच निर्णय पॅनलने एकीला माफ केला आणि दुसरीला लावला, तर पदक इकडचं तिकडे. कुणाला तो लावायचा याची मोकळीक जिथे आहे तिथेच खरी सत्ता आहे. कलेच्या गुणांवर सगळे ओरडतात, कडेच्या निर्णयाकडे कुणाचं लक्षही जात नाही.

एका स्पर्धेत आमच्या गटातल्या एका मुलीचे प्रशिक्षकच परीक्षकांच्या टेबलावर होते. विचारलं तर उत्तर आलं, "दुसरं कोण मिळालं नाही." आमच्या मुलीचा नंबर आला नाही याचं मला काही वाटलं नाही, ती त्या दिवशी खरंच दोनदा पडली होती. पण जी जिंकली तिच्या पाठीमागे पालकांची कुजबुज दिवसभर चालू होती, आणि ती बारा वर्षांची पोर ट्रॉफी आईच्या हातात देऊन कोपऱ्यात जाऊन बसली. ती जिंकायच्या लायकीची होती हो. टेबलावर तिचे सर नसते तर कुणाचं तोंड उघडलं नसतं.

साडेतीन पेठ

हे वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा पटला, ताई.

पुण्यातली कोल्हापुरी

मूळची मंगळवार पेठेतली, आता पुण्यात. मी अमेरिकेच्या मिशेल क्वानच्या जमान्यातली, त्यामुळे मला जुनी ६.० वाली (पंच जास्तीत जास्त ६.० गुण द्यायचे ती) पद्धत लिहायलाच हवी.

त्या पद्धतीत गुणांची बेरीज महत्त्वाची नव्हती, क्रमांक महत्त्वाचा होता. शॉर्टचा क्रमांक गुणिले अर्धा, फ्रीचा क्रमांक गुणिले एक, दोन्हींची बेरीज. जिची सगळ्यात कमी ती जिंकली. ऐकायला साधं वाटतं. आता २००२ चं सॉल्ट लेक सिटी बघा.

शॉर्टनंतर क्वान पहिली, रशियाची इरिना स्लुत्स्काया दुसरी, साशा कोहेन तिसरी, अमेरिकेचीच सारा ह्यूज चौथी. फ्रीमध्ये सोळा वर्षांच्या सारा ह्यूजने कमाल केली, ट्रिपल-ट्रिपलच्या दोन जोड्या उतरवल्या. क्वान एका उडीवर पडली. आता शेवटची स्लुत्स्काया उरली होती. त्या घडीला फ्रीमध्ये ह्यूज पहिली, क्वान दुसरी. गणित : क्वान अर्धा अधिक दोन, अडीच. ह्यूज दोन अधिक एक, तीन. म्हणजे एकूणात क्वान पुढे! मग स्लुत्स्काया आली आणि फ्रीमध्ये दुसरी ठरली. क्वान तिसरीवर गेली, तिची बेरीज साडेतीन. ह्यूज तीन, स्लुत्स्कायाही एक अधिक दोन तीन. बरोबरी झाल्यावर फ्री जिची चांगली ती वर, म्हणून सोनं ह्यूजला. क्वान आणि ह्यूज दोघींचं स्केटिंग संपलेलं, बर्फावर तिसरीच मुलगी, आणि तिच्यामुळे या दोघींचा आपापसातला क्रम उलटला. ब्राँझ क्वानला.

फ्रीमध्येही ह्यूजला स्लुत्स्कायापेक्षा वर ठेवणारे पंच पाच आणि उलट म्हणणारे चार. रशियाने निषेध नोंदवला, तो फेटाळला गेला. त्याच ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत फ्रान्सच्या पंच मारी-रेन ल गून्य यांचं प्रकरण गाजलं होतं. आपल्यावर दबाव होता असं त्यांनी सांगितलं, मग फिरवलं, शेवटी कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं. ल गून्य बाई आणि फ्रेंच महासंघाचे अध्यक्ष दिदिए गाय्याग्ये, दोघांना तीन वर्षांची बंदी. त्यातूनच ६.० गेलं आणि आजची पद्धत आली.

क्वानबद्दल एकच सांगते. १९९८ ला नागानोत शॉर्टमध्ये नऊपैकी आठ पंचांनी तिला पहिलं ठेवलं. फ्री स्केट तिने एकही चूक न करता केलं, पण जरा जपून. पंधरा वर्षांची तारा लिपिन्स्की नंतर आली, ट्रिपल लूप-ट्रिपल लूप मारून वाऱ्यासारखी सुटली, सहा पंच तिच्याकडे गेले. तो निकाल मला तेव्हाही मान्य होता, आजही आहे. सगळेच पराभव अन्याय नसतात. पण क्वानसारखी स्केटर, जगज्जेतेपद पाच वेळा, आणि ऑलिंपिक सोनं एकदाही नाही. याचं दुःख कुठल्याही गणिताने जात नाही.

रंकाळ्याची

@पुण्यातली कोल्हापुरी, किती छान मांडलंत! हे क्रमांकाचं गणित मला इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं.

पंचांचा देश आणि खेळाडूचा देश हा घोळ किती जुना आहे तेही लिहिते. १९२७ ची जागतिक स्पर्धा ऑस्लोत झाली. पाचपैकी तीन पंच नॉर्वेचे. तिघांनीही नॉर्वेच्या सोनिया हेनीला पहिलं ठेवलं, ऑस्ट्रियाच्या आणि जर्मनीच्या पंचांनी ऑस्ट्रियाच्या हेर्मा साबोला. साबो तोवर पाच वेळा जगज्जेती होती. तिला हरवणारी हेनी चौदा वर्षांची. त्यानंतर एका देशाचा एकच पंच हा नियम झाला आणि साबोने खेळ सोडला. हेनीने पुढे तीन ऑलिंपिक सोनी जिंकली, तिच्या कर्तृत्वाबद्दल प्रश्न नाही. पण पहिल्या विजेतेपदावरचा डाग तिने लावून घेतला नव्हता, तो तिच्या देशाने खुर्च्या भरून लावला.

आता 'वैर' या शब्दाकडे येते, कारण महिला स्केटिंग म्हटलं की तोच शब्द आधी येतो. टोन्या हार्डिंग आणि नॅन्सी केरिगनचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. ६ जानेवारी १९९४, डेट्रॉइट, सरावानंतर नॅन्सीच्या गुडघ्यावर दांडक्याचा घाव. हल्ला घडवणाऱ्यांत टोन्याचा घटस्फोटित नवरा होता, टोन्याने पुढे तपासात अडथळा आणल्याचं कोर्टात कबूल केलं आणि तिच्यावर आयुष्यभराची बंदी आली. हा गुन्हा होता. त्याला वैर म्हणणंही मला पटत नाही. पण त्या एका प्रकरणाने असं झालं की दोन मुली चुरशीने खेळल्या की प्रसारमाध्यमं त्यांना एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दाखवायला लागली. टोन्या ही १९९१ ला स्पर्धेत ट्रिपल ॲक्सेल उतरवणारी पहिली अमेरिकन स्त्री, हे किती जणांना आठवतं?

युना आणि माओचंच घ्या. दोघींचा जन्म सप्टेंबर १९९० चा, वीस दिवसांच्या अंतराने. दहा वर्षं दोन देशांनी त्यांना एकमेकींसमोर उभं केलं. सोचीत माओ शॉर्टमध्ये सोळावी आली. पूर्ण कोसळली. दुसऱ्या दिवशी येऊन तिने फ्रीमध्ये १४२.७१ केले, तिच्या कारकिर्दीतले सर्वोत्तम, आणि सहावी आली. शेवटच्या मुद्रेत उभी असताना तिचा चेहरा रडवेला होतो आणि मग ती स्वतःला सावरून वाकून नमस्कार करते. तो अर्धा मिनिट कुणीही बघावा. त्यात वैर कुठे शोधायचं?

२०१८ ला प्योंगचांगमध्ये तर दोघी एकाच प्रशिक्षिकेच्या, एतेरी तुत्बेरिद्झेंच्या शिष्या. अलिना झागितोवा आणि येवगेनिया मेदवेदेवा. फ्रीमध्ये दोघींना अगदी सारखे, १५६.६५. शॉर्टमधल्या १.३१ च्या फरकाने पंधरा वर्षांची झागितोवा जिंकली. तिने फ्रीमधल्या सगळ्या उड्या दुसऱ्या अर्ध्यात ठेवल्या होत्या, कारण दमलेल्या पायांनी मारलेल्या उडीला तेव्हा दहा टक्के जादा मिळत. पुढे तो फायदा फ्रीमध्ये शेवटच्या तीन उड्यांपुरताच ठेवला. झागितोवाने नियमाचा पुरेपूर वापर केला, त्यासाठी तिला कपटी ठरवणारे लोक मला समजत नाहीत.

साडेतीन पेठ

सूर्या बोनालीचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही?

फ्रान्सची, कृष्णवर्णीय, पाच वेळा युरोपची विजेती. १९९४ ची जागतिक स्पर्धा जपानमध्ये चिबाला. युका सातो हिच्याशी बरोबरी, पाच पंच विरुद्ध चार असं फुटून सोनं यजमान देशाच्या सातोला. बोनाली आधी विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढेना, चढल्यावर गळ्यात घातलेलं रौप्यपदक तिने काढून हातात घेतलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. उड्या तिच्याकडे सगळ्या होत्या, पण 'कला कमी' हे वाक्य तिच्या नावाला चिकटलं. 'कला' म्हणजे कुणासारखं दिसणं, हा प्रश्न तिने त्या खेळाला विचारला होता असं मी मानतो. नागानोत दुखऱ्या पायाने, पदकाची आशा नसताना, तिने बॅकफ्लिप (मागे उलटी कोलांटी) मारली आणि एका पायावर उतरली. बंदी असलेली उडी. गुण कापले गेले. ती बंदी आयएसयूने २०२४ मध्ये उठवली.

लाल माती

एका पायावर? बर्फावर? व्हिडिओ बघितला आत्ताच. नाद खुळा! तालमीतल्या पोरांना बी दाखवला.

चाकांची आई

वयाचा मुद्दा मला लिहायचाच आहे, कारण कमिला वलियेवाचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

पंधरा वर्षांची. २५ डिसेंबर २०२१ ला रशियन राष्ट्रीय स्पर्धेत घेतलेला नमुना, त्यात ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकाराचं औषध सापडलं, आणि तो अहवाल आला ८ फेब्रुवारी २०२२ ला, बीजिंग ऑलिंपिकची सांघिक स्पर्धा होऊन गेल्यावर. आजोबांच्या औषधातून आलं असेल असा बचाव झाला. क्रीडा लवादाने वय लहान म्हणून तिला वैयक्तिक स्पर्धेत उतरू दिलं. ती पहिल्या तिघींत आली तर पदक समारंभच होणार नाही असं ऑलिंपिक समितीने जाहीर केलं. म्हणजे बाकीच्या मुलींच्या पदकाचा आनंदही त्या पोरीच्या खांद्यावर ठेवला. शॉर्टमध्ये ती पहिली होती. फ्रीमध्ये पुन्हा पुन्हा अडखळली, पडली, एकूणात चौथी आली. बाहेर येताच तिच्या प्रशिक्षिकेचा पहिला प्रश्न होता, लढणं का सोडलंस? मी आई म्हणून ते बघितलं. पोटात कालवलं.

त्याच रात्री अलेक्झांड्रा त्रुसोवाने पाच क्वाड (चार गिरक्यांच्या उड्या) मारल्या, फ्रीमध्ये सगळ्यात जास्त १७७.१३ गुण मिळवले, आणि तरी एकूणात ४.२२ ने दुसरी. सोनं आन्ना श्चेर्बाकोवाला, कारण तिचा शॉर्ट चांगला होता. निकाल बरोबरच होता. पण सतरा वर्षांची मुलगी रडत ओरडत होती की तिला या खेळाचा तिरस्कार वाटतो, आणि सोनं जिंकलेली मुलगी हातात खेळणं घेऊन एकटी बसून होती. तिला जवळ घ्यायलाही कुणी नाही. तिघी एकाच प्रशिक्षिकेच्या.

जानेवारी २०२४ मध्ये वलियेवाला चार वर्षांची बंदी झाली. सांघिक सोनं अमेरिकेला गेलं, आणि ती पदकं खेळाडूंच्या गळ्यात पडली ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसला, उन्हाळी ऑलिंपिकच्या वेळी. अडीच वर्षांनी. मोठ्यांच्या स्पर्धेसाठी किमान वय पंधरावरून सतरा करायचा ठराव २०२२ च्या जूनमध्ये झाला. मला तो हवाच होता. गंमत... नाही, गंमत नाही, दुर्दैव असं की माओ असादाला २००६ च्या ऑलिंपिकला तीन महिन्यांहूनही कमी फरकाने वय भरत नाही म्हणून घरी बसवलं होतं, आणि तिने त्याच्या दोन महिने आधी ग्रां प्री फायनल जिंकलेली. तरी मी म्हणेन नियम असावा. मुलीची हाडं आधी.

पुण्यातली कोल्हापुरी

पूर्ण सहमत. काओरी साकामोतोचा उल्लेख करते. बीजिंगची ब्राँझ, एकही क्वाड नाही, ट्रिपल ॲक्सेल नाही, आणि पुढे सलग तीन वेळा जगज्जेती. मोठी झालेली स्त्री नुसत्या वेगावर आणि कडांवर काय करू शकते ते तिच्यात दिसतं.

राजारामपुरी सातवी गल्ली

बाल्कोव यांचा उल्लेख वर झालाय, ती हकिकत पूर्ण सांगतो, कारण रंकाळ्याची यांच्या मूळ मुद्द्याला तीच सगळ्यात जास्त लागू पडते. नागानोत आइस डान्सचे क्रमांक आधीच ठरत होते. कॅनडाच्या पंच जीन सेन्फ्ट यांनी बाल्कोव यांचं फोनवरचं बोलणं टेप केलं. त्यात ते जोड्यांचा क्रम सांगत होते. बाल्कोव यांना एक वर्ष बंदी झाली. आणि सेन्फ्ट बाईंना? आपल्या देशाला झुकतं माप दिल्याचा ठपका ठेवून सहा महिने. ज्यांनी पुरावा आणला त्यांनाही शिक्षा. त्यानंतर कुठला पंच तोंड उघडेल? एक वर्ष संपल्यावर बाल्कोव परत पंच झाले, आणि २०१४ ला ऑलिंपिकच्या महिला फ्री स्केटच्या टेबलावर बसले.

रंकाळ्याची

सेन्फ्ट बाईंचं मला माहीत नव्हतं. वाचून हात थंड पडले.

मला काय हवं ते स्पष्ट लिहिते. एक, ज्या देशाची मुलगी शेवटच्या गटात आहे त्या देशाचा माणूस तांत्रिक पॅनलवर नको. दुसरं, पंच नेमायचा अधिकार महासंघांकडून काढावा. आज पंचाचं नाव त्याचाच महासंघ पुढे पाठवतो, मग तो महासंघाच्या विरोधात गुण कसा देईल? आणि लाल माती यांनी सांगितलं तसं चॅलेंज. एका कार्यक्रमात एकदा, कडेच्या किंवा अपुऱ्या गिरकीच्या निर्णयावर. चाकांची आई म्हणतात तसं संथ करून बघूनही सांगता येत नसेल, तर संशयाचा फायदा खेळाडूला, आणि तो सगळ्यांना सारखा.

जाऊबाईंना हा धागा वाचायला दिलाय. त्या म्हणतात युनाचा निकाल चुकीचाच. त्यावर आमचं जमणार नाही. पण बाल्कोवचं वाचून आता शेखोव्त्सेवा, लाकेर्निक, आयएसयू अशी सगळ्यांची नावं घेऊन बोलतायत, सोत्निकोवाचं नाव नाही.

लाल माती

हे प्रोटोकॉलचे कागद कुठं गावतात? फुकट हायत का पैसे पडत्यात?

राजारामपुरी सातवी गल्ली

फुकट. आयएसयूच्या संकेतस्थळावर त्या त्या स्पर्धेच्या निकालाच्या पानावर जा, 'जजेस स्कोअर्स' म्हणून पीडीएफ असते. २०१६ नंतरची उघडा, म्हणजे कुठला पंच कुठल्या देशाचा ते वेगळ्या पानावर मिळेल. पंच क्रमांक एक ते नऊ असे रकाने असतात. एखाद्या मुलीच्या नावापुढचा एकच रकाना इतरांपेक्षा सारखा वर दिसला, तर आधी तो पंच कोणत्या देशाचा ते बघा, मग त्याच रकान्यात तिच्या जवळच्या प्रतिस्पर्धी मुलीला किती दिलेत ते बघा. दोन्हीकडे कल दिसला तर इथे टाका, आपण सगळे मिळून बघू.